घरी केलेला लूर पाण्यात नीट पोहावा म्हणून

पहिले सहा लूर, म्हणजे मासा गळाला लागावा म्हणून ओढायचे खोटे मासे, मी आधी रंगवले आणि मग पाण्यात टाकले. पाठीवर हिरवी झाक, कुशीला चंदेरी खवले, चकचकीत डोळे. शोकेसमध्ये ठेवले असते तर बघणाऱ्याने वा म्हटलं असतं. पाण्यात मात्र चार कुशीवर आडवे होऊन ओढले गेले, पाचवा गिरक्या घेत तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, पीळ घालत आला, आणि सहावा सरळ आला खरा, पण वाळकी काटकी ओढावी तसा. शेवटी करायचं काम मी आधी करून बसलो होतो. रंग आणि कोटिंग चढल्यावर लूरमध्ये बदलण्यासारखं फारसं काही उरत नाही.

लाकूड कोरता येतं, माशासारखा आकारही जमतो, पण लूर पाण्यात हलत नाही किंवा नको तसा हलतो, अशांसाठी हे लिहितोय. यात मुख्यतः लाकडी, तरंगणारा आणि नाकाखाली लिप असलेला लूर धरला आहे. लिप म्हणजे पुढे आलेली ती पारदर्शक जीभ. बाकीच्या प्रकारांबद्दल शेवटी थोडं.

डुलणं येतं कुठून

लूर ओढला की लिप पाणी अडवते. अडलेलं पाणी तिच्या दोन्ही कडांवरून एकाच वेळी सुटत नाही. आधी डावीकडे एक भोवरा सुटतो, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. प्रत्येक भोवरा लूरला आपल्या बाजूला खेचतो आणि लूर डुलू लागतो. प्रवाहात रोवलेली काठी थरथरते त्याचं कारणही हेच. या भोवऱ्यांच्या रांगेला कार्मान या शास्त्रज्ञाचं नाव आहे.

गोल काठीसाठी ढोबळ हिशोब असा: वेगाला रुंदीने भागा आणि ०.२ ने गुणा. सेकंदाला अर्धा मीटर वेग आणि २ सेंटिमीटर रुंदी असेल तर सेकंदाला साधारण ५ झोके. लूर काही गोल काठी नव्हे, म्हणून हा आकडा जसाच्या तसा धरू नका. पण कल लक्षात ठेवा: रुंद लिप सावकाश आणि मोठे झोके देते, अरुंद लिप भराभर आणि बारीक.

नुसती लिप असती तर लूर पहिल्याच झोक्याला कलंडला असता. त्याला परत उभं करतं ते पोटातलं शिसं. लिप तोल बिघडवते, शिसं तो सावरतं. पुढे जे काही करायचं आहे ते या दोघांचं भांडण बरोबरीत ठेवण्यासाठी. लिप जिंकली तर लूर कलंडतो किंवा गिरक्या घेतो, शिसं जिंकलं तर तो मेल्यासारखा सरळ येतो.

पहिली पायरी: सरळपणा

कोरायला घेण्याआधीच लाकडाच्या ठोकळ्यावर चारही बाजूंनी मधली रेषा आखा. लिपची खाचही ठोकळा चौकोनी असतानाच कापा, कारण गोलाई आल्यावर करवत सरळ धरायला आधारच राहत नाही. माझ्या वाकड्या लूरपैकी बहुतेकांचा दोष या खाचेत निघाला. एका बाजूला अर्धा मिलिमीटर जरी तिरकी गेली, तरी लूर आयुष्यभर एकीकडेच पळतो.

आकार आला की लूर नाकासमोर धरून एक डोळा मिटून बघा. नाकातली कडी, पोटाखालची कडी आणि शेपटीची कडी एका सरळ पातळीत दिसल्या पाहिजेत, आणि लिप त्या पातळीला काटकोनात. मग वरून बघा. दोन्ही कुशींचा फुगवटा सारखा आहे का, हे नजरेपेक्षा बोटांना लवकर कळतं. अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी नाकापासून शेपटीपर्यंत फिरवा. जिथे एक बोट जास्त बाहेर जातं तिथे पॉलिश पेपर मारा.

शेपटीकडचा भाग बारीक करत न्या. जाड शेपूट पाणी ढकलत बसते आणि झोका मरतो. कुशी सपाट ठेवल्या तर लूर चटकन प्रतिसाद देतो आणि चमक चांगली फेकतो. गोल, गुबगुबीत देह जरा आळशी असतो आणि त्याला लिप मोठी लागते.

दुसरी पायरी: किती वजन चालेल

अंदाजाने शिसं भरू नका, मोजता येतं. भांड्यात पाणी घेऊन ते ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. कोरलेलं लाकूड सुईच्या टोकाने पाण्यात पूर्ण दाबून धरा, भांड्याला कुठेही टेकू न देता. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्या लाकडाचं आकारमान. लाकूड पाणी पिऊ नये म्हणून आधी पातळ लाखेचा किंवा सीलरचा एक हात देऊन वाळवून घ्या.

समजा १२ घनसेंटिमीटर आलं. म्हणजे सगळं मिळून १२ ग्रॅमच्या आत राहिलं तर लूर तरंगेल. लाकूड पाइनचं असेल तर त्याची घनता साधारण ०.५, म्हणजे ६ ग्रॅम गेले. दोन तीनतोंडी गळ, रिंगा आणि कड्या मिळून २.५ ग्रॅम. कोटिंगसाठी १ ग्रॅम राखून ठेवा. उरले २.५. त्यातलं सगळं शिशाला दिलं तर लूर जेमतेम तरंगेल, म्हणून दीड-दोन ग्रॅमवर थांबायचं.

हाच देह बाल्साचा, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचा, असता तर लाकडाचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास आलं असतं आणि शिशाला जवळजवळ सहा ग्रॅम मोकळे मिळाले असते. वर हलकं लाकूड, तळाशी एकवटलेलं वजन. बाल्साचे लूर इतके चपळ का, याचं उत्तर इथेच आहे. सागवानाची घनता ०.६५ च्या घरात, त्यामुळे शिशाला जागाच उरत नाही. सागवान टिकाऊ खरं, पण पहिल्या लूरसाठी मी ते घेणार नाही. बाल्सा मऊ असतं, माशाचे दात त्यात रुततात आणि कडी उपटून येऊ शकते, म्हणून त्यात नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध तार घालतात. नवशिक्याला पाइन किंवा देवदार बरं. चुका सोसतं.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड. बारा ग्रॅमच्या लूरला तिथे ०.३ ग्रॅम जास्त उचल मिळते. तरंगणाऱ्या लूरला याने काही होत नाही, पण पाण्यात अधांतरी थांबणारा लूर गोड्या पाण्यात जुळवला असेल तर समुद्रात तो वर येतो.

तिसरी पायरी: शिसं कुठे बसवायचं

भोक पाडायची घाई नको. शिशाची तार किंवा पातळ पट्टी रबरबँडने पोटाखाली बांधा, गळ आणि रिंगा लावा, लिप खाचेत नुसती दाबून बसवा आणि लूर बादलीत सोडा.

दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तो पाण्यावर कसा बसतो. आडवा किंवा शेपूट जराशी खाली, दोन्ही चालेल. शेपूट पार बुडाली असेल तर ओढताना लिपला पाणी धरायला वेळ लागतो आणि लूर उशिरा जागा होतो. पट्टी पुढे सरकवा. नाकच बुडत असेल तर मागे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बोटाने लूर कुशीवर पूर्ण आडवा करा आणि सोडा. तो झटकन उभा राहून दोन-तीन बारीक झोके घेऊन थांबला तर जमलं. सावकाश, नाइलाजाने उभा राहत असेल तर वजन कमी आहे किंवा फार वर आहे.  ही चाचणी मी प्रत्येक लूरवर दहादहा वेळा करतो. घरातल्यांना वाटतं, बादलीशी खेळतोय.

वजन जितकं खाली तितकं सावरणं पक्कं. म्हणून शिसं पोटाच्या अगदी तळाशी हवं, देहाच्या मधोमध नको. लांबीत म्हणाल तर मी लिप आणि मध्यबिंदू यांच्यामधून सुरुवात करतो, पुढच्या गळाच्या कडीमागे. काहीजण लांब फेक जावी म्हणून वजन शेपटीत भरतात. फेक जाते, पण टोकाला ठेवलेलं वजन प्रत्येक झोक्याला विरोध करतं आणि शेपूट हलायची बंद होते. दोन टोकांना दोन वजनं ठेवली तर त्याहून वाईट. एकाच जागी, मध्याच्या थोडं पुढे, हे सगळ्यात निर्धोक.

जागा सापडली की पेन्सिलने खूण करा, खालून भोक पाडा, शिसं बसवा आणि वर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, भरा. शिसं वितळवून ओतायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. तार कापून, ठोकून बसवता येते, आणि शिशाचा धूर फुप्फुसांत जात नाही. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा. शिसं नकोच असेल तर टंगस्टन घ्या, त्याची घनता शिशाच्या ११.३ समोर १९.३, त्यामुळे लहानशा भोकात मावतं.

चौथी पायरी: लिप

लिपसाठी पॉलिकार्बोनेट उत्तम. अॅक्रिलिक दिसायला तसंच, पण दगडावर आपटलं की तडकतं. लहान लूरला एक ते दीड मिलिमीटर जाडी पुरते. सर्किट बोर्डाची कोरी पाटी मिळाली तर तीही वापरतात. ती आणखी पातळ असूनही ताठ राहते, आणि पातळ कडेवरून भोवरे स्वच्छ सुटतात. जाड, गोलसर कडांची लिप त्याच मापाची असूनही मंद का वाटते, ते यावरून कळेल.

कोन असा धरा: लिप देहाच्या रेषेशी जितकी काटकोनाजवळ, म्हणजे जितकी खाली उभी, तितका लूर उथळ राहतो आणि रुंद डुलतो. जितकी देहाच्या रेषेत पुढे झुकलेली आणि लांब, तितका तो खोल जातो आणि झोके आवळले जातात. पहिल्या लूरला ४५ अंशांच्या आसपास ठेवा, दोन्ही बाजूंना वाव राहतो.

लिप नेहमी हवी त्यापेक्षा मोठी कापा. शिंपी कापड आधी सोडून ठेवतो तसं. मोठी लिप घासून लहान होते, लहान लिप मोठी होत नाही. सुरुवातीला रुंदी देहाच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा किंचित जास्त. मग पाण्यात ओढून बघायचं आणि दोन्ही कडा कानसीने सारख्या घासायच्या, एका वेळी अर्धा मिलिमीटर. सारख्या म्हणजे मोजून सारख्या. कागदावर लिपचा आराखडा काढून मधोमध घडी घाला, दोन्ही बाजू जुळतात का ते लगेच दिसतं.

चाचण्या संपेपर्यंत लिप कायमची चिकटवू नका. खाच घट्ट असेल तर ती दाबून बसते. सैल असेल तर कडेने थोडी टेप लावा.

पाचवी पायरी: कडी आणि गाठ

तंगूस बांधायची कडी नाकावर असते, खोल जाणाऱ्या लूरमध्ये लिपवरच. ती वर-खाली केल्याने झोक्याची रुंदी बदलते, पण किती आणि कशी, हे लिप आणि देहावर ठरतं. दुसऱ्याच्या लूरवरून जागा उतरवून घेण्यापेक्षा नाकावर एकाखाली एक अशी तीन बारीक भोकं पाडून कडी आळीपाळीने बसवून ओढून बघा. आवडली ती ठेवा, उरलेली बुजवा.

गाठीकडे नवशिक्यांचं लक्षच जात नाही. कडीवर आवळून बसलेली गाठ नाकाला घट्ट धरून ठेवते आणि लहान लूरचा अर्धा जीव तिथेच जातो. कडीभोवती मोकळा फास राहील अशी गाठ मारा, नाहीतर हलकी स्नॅप, म्हणजे उघडमीट करता येणारी तारेची छोटी कडी, लावा. जड, मोठी स्नॅप मात्र नको, ती नाक खाली ओढते. आणि चाचणी नेहमी ज्या तंगुसावर गरवणार आहात त्याच जाडीच्या तंगुसावर घ्या. जाड तंगूस पाण्याला जास्त अडतो, त्यामुळे तोच लूर त्यावर कमी खोल जातो.

सहावी पायरी: ओढून बघणं

बादली इथे पुरत नाही. निदान तीन-चार मीटर सरळ ओढता येईल इतकं स्वच्छ, स्थिर पाणी हवं. गळांच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे चढवा, म्हणजे बोटं वाचतात. गळ काढून मात्र ठेवू नका, त्यांच्या वजनाशिवाय घेतलेली चाचणी खोटी.

तीन वेगांनी ओढा: अगदी हळू, नेहमीच्या वेगाने, आणि जितका जोरात जमेल तितका. मोबाइलवर वरून स्लो मोशन व्हिडिओ घ्या. नुसत्या डोळ्यांना "छान डुलतोय" वाटणारा लूर व्हिडिओत डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी झुकताना सापडतो.

सरळ येतो पण डुलत नाही? आधी गाठ बघा. मग वेग वाढवून बघा. जोरात ओढल्यावर जागा होत असेल तर लिप लहान पडते किंवा शिसं जास्त आहे. लिप बदलणं सोपं, म्हणून आधी तीच बदला.

हळू ओढल्यावर छान, जोरात ओढल्यावर कलंडतो? हा सगळ्यात जास्त दिसणारा दोष. लिप जिंकतेय. कडा घासून ती अरुंद करा. तरीही कलंडत असेल तर शिसं फार वर बसलंय किंवा कमी आहे. माझा एक आठ सेंटिमीटरचा लूर असाच हट्टी होता. लिप घासत घासत इतकी लहान केली की डुलणंच गेलं. शेवटी नवी लिप लावली आणि पोटातलं शिसं उकरून तीन मिलिमीटर खाली आणलं, वजन तेवढंच. त्या तीन मिलिमीटरनी काम झालं, पूर्ण वेगातही तो उभा राहिला.

एकाच बाजूला पळतो? आधी गळ सरळ लटकतायत का, लिप तिरकी बसलीय का, हे बघा. हे ठीक असेल तर कडी वाकवायची. लूर स्वतःकडे नाक करून धरा, म्हणजे ओढताना तो जसा तुमच्याकडे येतो तसाच. तो तुमच्या उजवीकडे पळत असेल तर पकडीने कडी डावीकडे वाकवा, डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. केसभर वाकवा, ओढून बघा, पुन्हा केसभर. एकदम जोर लावला तर लूर दुसऱ्या बाजूला पळायला लागतो आणि मग तुम्ही दिवसभर कडीच वाकवत बसता. कडी पिरगळू मात्र नका, आतला इपॉक्सी सुटतो.

पूर्ण गिरक्या घेतो? बहुतेक वेळा लिप फारच मोठी असते किंवा खाच वाकडी असते. खाच वाकडी असेल तर तो लूर सोडून द्या आणि नवा कोरायला घ्या. मी अशा एकावर दोन रविवार घालवले आहेत.

एक नियम कडक पाळा: एका वेळी एकच बदल. लिप घासली आणि त्याच वेळी कडीही वाकवली, तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही. प्रत्येक लूरच्या पोटावर पेन्सिलने क्रमांक घाला आणि वहीत लिपचं माप, शिशाचं वजन, त्याची नाकापासूनची जागा आणि पाण्यात काय झालं ते लिहा. चांगला जमलेला लूर मासा घेऊन गेला की ही वहीच कामाला येते.

सातवी पायरी: आता रंग

लिप काढा, खाचेत टेप भरा, रंग द्या. मग लिप इपॉक्सीने कायमची बसवा आणि वाळेपर्यंत समोरून दोन-तीनदा बघा, ओला इपॉक्सी तिला हळूच तिरकी करतो. वरच्या कोटिंगच्या वेळी लूर सतत सावकाश फिरवत ठेवा, हाताने किंवा छोट्या मोटरला लावून. तसाच टांगून ठेवला तर कोटिंग ओघळून खाली जमतं आणि एका कुशीत साचलं तर जुळवलेला तोल गेला. जाड एका थरापेक्षा पातळ दोन बरे.

वाळल्यावर पुन्हा पाण्यात. कोटिंगने झोके थोडे आवळले जातातच, म्हणून रंगाआधी लूर हवा त्यापेक्षा किंचित जास्त उनाड ठेवतो मी.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये पहिला लूर बुचातून, म्हणजे कॉर्कमधून, कोरला. चमक यावी म्हणून त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. साहित्य हे एवढंच. त्यांना हवी होती ती जखमी, लंगडणाऱ्या माशाची चाल.

लिप नसलेल्यांबद्दल थोडं

जोडाच्या लूरमध्ये सांध्याचे दोन भाग इंग्रजी व्ही अक्षरासारखे कापतात. सांध्यात फट कमी पडली तर भाग एकमेकांना घासतात आणि लूर काठीसारखा येतो, म्हणून कोटिंगची जाडी धरून फट ठेवा. पत्र्याच्या स्पूनमध्ये, म्हणजे चमच्यासारख्या लूरमध्ये, सगळा खेळ बाकाचा. जास्त बाक दिला की तो हळू वेगातही जोरात डुलतो, पण वेग वाढवला की गिरक्या घेतो. रबरी लूरची शेपूट हलत नसेल तर शेपटीच्या चकतीआधीची मान पातळ करा, चकती मोठी करत बसू नका.

मोठा मासा लागून सुटला, किंवा लूर खडकावर आपटला, की कडी हमखास वाकते. पुढच्या फेकीआधी लूर पायाशीच दोन हात ओढून बघा. पक्कड खिशात असू द्या.